सिंगल बेल

२०२३चा ऑगस्ट. मुक्कामाची ड्युटी संपवून सकाळी साडेनऊला घरी आलो, तर बायको एका हातानं कणीक मळत होती. डावा हात ओढणीच्या झोळीत. "मोरीत घसरले," म्हणाली. दवाखान्यातही तिनं तेच सांगितलं होतं आणि केसपेपरवर तेच लिहिलं गेलं होतं. खरं काय ते दुपारी धाकटीकडून कळलं. दादानं मोबाइल मागितला, आईनं रात्रीचे साडेअकरा झालेत म्हणून दिला नाही, दादानं आईला ढकललं, आई कडाप्प्याच्या ओट्यावर आपटली. मनगटाचं हाड मोडलं होतं. सांगताना धाकटी माझ्याकडं बघत नव्हती, दप्तराची चेन मागंपुढं करत होती. ती तेव्हा तिसरीत होती.

थोरला नववीत, चौदा वर्षांचा. शाळेतून आला तेव्हा मी दारातच उभा होतो, कमरेचा पट्टा हातात घेऊन. पहिला फटका बसला. दुसऱ्या वेळी त्यानं पट्टा हवेतच धरला. उंचीनं तो माझ्या खांद्याला लागलाय. दोघं दोन टोकं धरून ओढत होतो, आणि तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मारा पप्पा. अजून दोन वर्षं मारा. मग बघू."

मी पट्टा सोडून दिला. तो दिवस मी कुणाला सांगितला नव्हता. आज लिहितोय, कारण आमच्यासारखी घरं कमी नाहीत आणि प्रत्येक घर झाकली मूठ धरून बसलंय.

मी सातारा जिल्ह्यात एसटीत कंडक्टर आहे. २०२१च्या दिवाळीत संप सुरू झाला आणि तो २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला, हे सगळ्यांना आठवत असेल. ते सहा महिने पगार नव्हता. मी दिवसभर घरात, डोक्यात हप्ते. थोरला तेव्हा सातवीत. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी हातात आलेला मोबाइल त्याच्या हातून सुटला नव्हता. त्या काळात मी त्याच्यावर किती वेळा हात टाकला, याचा हिशोब माझ्याकडं नाही. त्याच्याकडं असावा. पुढं शाळेतून तक्रारी सुरू झाल्या. एकाला कंपास मारला, एकाचं डोकं बाकावर आपटलं. शाळेनं बोलावून सांगितलं, पुढच्या वेळी दाखला घेऊन जा. पोरगं असं का करतंय, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. मीपण नाही.

पट्ट्याच्या त्या दिवसानंतर परत मुक्कामाला गेलो. रात्री ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपला होता, मी पुढं बसलो होतो. बायकोच्या प्लास्टरसाठी सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा भिंतीवर टेली-मानसचा नंबर बघितला होता, १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेली ही मानसिक आरोग्याच्या मदतीची फोनसेवा आहे. फोनला पैसे पडत नाहीत, कुठल्याही वेळी लागतो आणि मराठीत बोलता येतं. लावला. पलीकडच्या बाईंनी मला आधी बोलू दिलं. मग एकेक प्रश्न. आत्ता घरात कुणाच्या जिवाला धोका आहे का? मुलगा स्वतःला काही करून घेण्याबद्दल बोललाय का? घरात फवारणीचं औषध, कोयता असं काही हाताशी आहे का? तिसरा प्रश्न ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण गावाकडून आणलेला कोयता मोरीच्या माळ्यावर होता. दुसऱ्या दिवशी तो गावी पोचवला. त्यांनी सांगितलं, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, मुलाला तिथं आधी तपासून घ्या.

पोरगं यायला तयार नव्हतं. "मी येडा नाय." तीन दिवस हेच. शेवटी मी म्हणालो, "मला माझ्या रागासाठी जायचंय, तू सोबत चल." हे मी युक्ती म्हणून बोललो होतो, पण बोलून गेल्यावर माझं मलाच ते खरं वाटलं. तो आला.

डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत घेतलं, मग आम्हा दोघांना. झोप किती, जेवण कसं, तंबाखू-गुटखा आहे का, अभ्यासात अक्षरं उलटी दिसतात का, एका जागी बसवतं का, लहानपणी डोक्याला मार लागला होता का. रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं. या वयात उदासी कधी कधी रडण्यातून नाही, चिडचिडीतून बाहेर पडते, म्हणून तेही तपासायचं असतं, असं त्यांनी समजावलं. मला हे नवीन होतं. शेवटी म्हणाले, याला सध्या गोळीची गरज दिसत नाही. झोप पाच तासांची आहे, ती आधी आठ तासांवर आणा. आणि एका संस्थेचा पत्ता दिला. तिथं अशा मुलांचा गट चालतो, पण आईबापांना यावं लागतं, ते आले नाहीत तर मुलालाही घेत नाहीत. मी मनात म्हणालो, खोड पोराला, शाळा आम्हाला.

मुलांचा गट आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे. सात मुलं. आमची बैठक रविवारी. दसऱ्याच्या सुमारास सुरू झालं. तिथल्या समुपदेशक मॅडम चाळिशीच्या, आवाज इतका हळू की ऐकायला पुढं सरकावं लागायचं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मुलांसाठीची पद्धत त्यांची स्वतःची नाही. अमेरिकेत अर्नॉल्ड गोल्डस्टीन आणि बॅरी ग्लिक यांनी १९८०च्या दशकात ती बसवली, न्यूयॉर्क राज्यातल्या सुधारगृहातल्या पोरांसाठी. मूळ कार्यक्रमात आठवड्याला तीन बैठका आहेत, आपल्याकडं शाळा-क्लासमुळं तेवढं जमत नाही. या पद्धतीचे तीन भाग. एक, वागायची कौशल्यं, म्हणजे कुणी चिडवलं तर काय करायचं, नाही कसं म्हणायचं, तक्रार कशी मांडायची. दोन, रागावर ताबा. तीन, बरोबर-चूक यावर गटात वाद. मॅडम आधी स्वतः करून दाखवायच्या, मग मुलं एकमेकांवर करून बघायची, बाकीचे सांगायचे काय जमलं, काय नाही, आणि मग घरचा अभ्यास, खऱ्या माणसावर.

तिसऱ्या भागाबद्दल थोरला घरी काही बोलायचा नाही, फक्त एकदा जेवताना अचानक विचारलं, "मित्रानं चोरी केली आणि तुम्हाला माहीत असलं, तर तुम्ही सांगाल का?" आम्ही दोघं त्यावर अर्धा तास भांडलो, पण आवाज न चढवता. बायको ताट घेऊन तशीच बसून राहिली होती.

रागाच्या भागात त्यांना एक वही दिली होती. प्रत्येक भांडणाला एक पान. कुठं झालं, कोण होतं, काय घडलं, मी काय केलं, राग पाचपैकी किती, मी निभावलं कसं, पुढच्या वेळी काय करीन. पहिले दोन आठवडे वही कोरी. मग एके रविवारी मॅडमनी विचारलं, "तू पप्पांना एक पान दाखवशील का? तुझ्या मनानं, कुठलंही." त्यानं वही उघडून माझ्यापुढं सरकवली आणि खिडकीकडं तोंड केलं. तिरकं अक्षर, एक ओळ खोडलेली.

कुठं: ग्राउंड. काय घडलं: टिंग टिंग करून दाखवलं. बोलले, डबल बेल मार, तुझा बाप आला. मी काय केलं: लाथ घातली. राग: ५.

खाली शरीरात काय झालं, असा रकाना होता. तिथं लिहिलं होतं, कान गरम.

दोन वर्षं त्याला शाळेत माझ्या नोकरीवरून चिडवत होते. संपात तर "भिकारी कंडक्टर" म्हणायचे. तो माझ्यासाठी मारामाऱ्या करत होता आणि त्या मारामाऱ्यांसाठी मी त्याला घरी मारत होतो. मला त्या खोलीत बसवेना. बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो, तोंड धुतलं, परत आत आलो.

गटात प्रत्येकानं स्वतःला थांबवायचा एक शब्द निवडायचा होता. राग यायच्या आधी शरीर खूण देतं, कुणाच्या मुठी आवळतात, कुणाचा जबडा, याचे कान तापतात. खूण ओळखली की मनात तो शब्द म्हणायचा, मग तीन खोल श्वास, वीसपासून एकपर्यंत उलटं मोजायचं. दिसायला फार साधं. पण मोठ्या माणसानं एकदा खरोखर चिडलेलं असताना वीसपासून उलटं मोजून बघावं. कुणी "शांत", कुणी "ब्रेक" निवडलं. आमच्यानं निवडलं, सिंगल बेल. गाडीत डबल बेल म्हणजे चला, सिंगल म्हणजे थांबा. लहानपणी माझ्यासोबत गाडीत बसायचा तेव्हा मी त्याला दोरी ओढू द्यायचो.

आता आमच्या बाजूचं सांगतो, कारण खरी मेहनत तिथं होती.

मॅडमनी आधी आमच्या घराचं चित्र काढलं. अमेरिकेतच ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी अशा कुटुंबांचं वर्षानुवर्षं घरात जाऊन निरीक्षण केलं. त्यांना दिसलं ते असं: पोरगं ओरडतं, आई थकून मोबाइल देते, पोरगं शिकतं की ओरडलं की मिळतं. बाप येतो, मारतो, पोरगं गप्प होतं, बाप शिकतो की मारलं की गप्प होतं. दोघं एकमेकांना रोज शिकवत राहतात आणि दर खेपेला आवाज थोडा वर जातो. आमच्या घरात हेच चाललं होतं. आई म्हणजे हो, बाप म्हणजे पट्टा, मधलं काहीच नाही.

मग त्यांनी मला विचारलं, "गाडीत दारू प्यालेला माणूस चढला आणि दंगा करू लागला तर काय करता?"

मी सांगितलं. आवाज चढवत नाही. वाद घालत नाही, कारण त्या वेळी त्याच्या डोक्यात काही शिरत नसतं. दोन शहाण्या प्रवाशांना हळूच जवळ बसायला सांगतो. जागचा हलत नाही. तिकिटाचं नंतर बघतो, पण सोडत नाही.

"मग घरी?"

एकवीस वर्षं अनोळखी माणसांशी जे वागत आलो, ते पोटच्या पोराशी मला कधी सुचलं नव्हतं. गाडीत कुणी उलटं बोललं तर तो प्रवासी असतो. घरी पोरगं उलटं बोललं की माझ्यातला बाप दुखावतो आणि हात उठतो. माझ्या वडिलांचा उठायचा, तसाच.

आईबापांसाठी त्या वापरत होत्या ती पद्धत इस्राएलमधल्या हाइम ओमर यांची. तेल अवीव विद्यापीठात शिकवायचे. गांधीजींच्या अहिंसक प्रतिकारावरून त्यांनी ती घेतली आणि घरात आणली. हे ऐकून गटातल्या एक ताई म्हणाल्या, "म्हणजे पोराविरुद्ध सत्याग्रह?" मॅडम म्हणाल्या, पोराविरुद्ध नाही, मारहाणीविरुद्ध. ओमर यांचं एक सांगणं माझ्या डोक्यात बसलं: लोखंड थंड झाल्यावर घाव घाला. आपण उलटं शिकलोय. भांडण पेटलं असताना फक्त इतकंच म्हणायचं, हे मला मान्य नाही, यावर आपण नंतर बोलू. आणि नंतर, खरंच, बोलायचं. हे "नंतर" फार अवघड असतं, कारण तोवर आपला राग गेलेला असतो आणि विषय काढायचा कंटाळा येतो.

पहिलं काम, घोषणा. एक कागद लिहायचा आणि शांत वेळी दोघांनी मिळून मुलाला वाचून दाखवायचा. आम्ही चार वेळा लिहिला. मॅडमनी दर वेळी त्यातली धमकी खोडली. शेवटी एवढंच उरलं: "आमचं तुझ्यावर प्रेम आहे. या घरात कुणीही कुणाला मारणार नाही. पप्पाही नाही. पप्पांनी मारलं ते चूक होतं. तू आईला ढकललंस, तेही इथून पुढं चालणार नाही. आम्ही तुला हरवायला निघालेलो नाही. पण हे लपवणार नाही, आपल्या माणसांची मदत घेऊ." मी वाचत असताना त्यानं कागद ओढून फाडला. आम्ही काही बोललो नाही. कागद फाडला तरी वाचलेलं ऐकलेलं असतं, असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसरं, लपवायचं नाही. बायकोला हे सगळ्यात जड गेलं. तिच्या भावाला कराडला फोन करून "मी मोरीत घसरले नव्हते" हे सांगताना ती दोनदा थांबली. तिचा भाऊ, शेजारच्या काकू, शाळेतले खेळाचे सर आणि माझे वडील, अशी आमची चार माणसं ठरली. त्यांनी रागवायचं नाही, उपदेश द्यायचा नाही, फक्त कळवायचं की मला समजलंय, हे मला पटलं नाही आणि तू माझा आहेस. मामानं तसं नीट सांगितलं. माझ्या वडिलांना हे वाक्य तोंडातून काढता येईना. नातवाला फोन लावला आणि म्हणाले, "भुईमूग काढायचाय. ये रविवारी." तो गेला. दोन दिवस राहिला. काय बोलले ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

तिसरं, बैठक. नोव्हेंबरमध्ये त्यानं जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. त्या वेळी आम्ही डाळ पुसून घेतली, बस. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला दोघं त्याच्या खोलीत गेलो आणि दाराजवळ जमिनीवर बसलो. मी सांगितलं, "काल ताट फेकलंस. ते आम्हाला मान्य नाही. असं परत होऊ नये म्हणून तुला काय सुचतंय, त्याची वाट बघत बसलोय." आणि गप्प. त्यानं शिव्या दिल्या. गाणी लावली. पांघरूण डोक्यावर घेतलं. "नाटकं बंद करा," म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. माझा उजवा हात आपोआप मूठ होत होता, तो मी मांडीखाली दाबून ठेवला. पंख्याचं एक पातं घासत होतं, त्याचा आवाज मोजत राहिलो. बायकोनं प्लास्टर निघालेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं होतं. एक तास झाला, त्याच्याकडून काही आलं नाही, आम्ही उठून बाहेर आलो. मला वाटलं, फुकट गेलं.

दहा दिवसांनी परत बसावं लागलं. या वेळी वीस मिनिटांनी पांघरुणातून आवाज आला. "राग आला की मी गच्चीवर जाईन. पण कुणी मागं यायचं नाही."

मागं जाणारा मीच असायचो. तो चिडून बाहेर निघाला की मी पाठीमागं, "कुठं चाललास, बोलणं संपलं नाही," म्हणत. त्याचं प्रत्येक मोठं भांडण तिथून पेटायचं. मी म्हणालो, "नाही येणार. अर्ध्या तासात खाली यायचं." बायको म्हणाली, "थँक्यू बाळा." उठलो.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं कुणी समजू नये. मॅडमनी आधीच बजावलं होतं की मोबाइलला "नाही" म्हणायला लागलात की सुरुवातीला दंगा वाढेल, जुनी चावी चालत नाही म्हटल्यावर पोरगं ती जोरात फिरवून बघतं. तसंच झालं. दिवाळीच्या आठवड्यात त्यानं मोबाइल फोडला. सहाव्या आठवड्यात ग्राउंडवर एकाच्या तोंडावर मारलं, ओठ फाटला. खेळाच्या सरांनी मला फोन केला, दाखल्याची भाषा थोपवून धरली, आणि दोघांना समोर बसवून आधी बेल वाजवण्याचा विषय काढला. त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. थोरला मारलेल्या मुलाच्या घरी गेला, मी सोबत गेलो. माफी मागितली. त्या मुलाच्या आईनं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते तिचं बरोबर होतं.

आमच्या गटातली दोन मुलं मध्येच बंद झाली. एकाचे वडील एकाही रविवारी आले नव्हते. त्याची आई एकटी यायची, कोपऱ्यात बसायची. तिच्यासाठी अजूनही जीव तुटतो. हे काम एका माणसाच्या खांद्यावर टाकायचं नाही, आणि आपल्याकडं ते बाईच्याच खांद्यावर पडतं.

डिसेंबरअखेर गट संपला. मग महिन्यातून एकदा भेट. आता थोरला दहावी पार करून कॉलेजात आहे. राग जातो कुठं? येतो. दार आपटतं. पण त्या नोव्हेंबरनंतर त्यानं आईवर हात टाकला नाही, आणि मी त्याच्यावर नाही. एकदा माझा तोल जात होता, आवाज चढला होता, तेव्हा तो जागचा न हलता म्हणाला, "पप्पा, सिंगल बेल." मी चप्पल घालून गच्चीवर गेलो. मागं कुणी आलं नाही.

बायकोचं मनगट पावसाळ्यात दुखतं. भाकरी थापताना ती मध्येच थांबते, थोरला ते बघतो आणि गुपचूप उठून परातीपाशी येतो. भाकरी अजून त्याच्या हातून गोल होत नाही.

एका गोष्टीकडं मात्र आमचं दुर्लक्ष झालं. धाकटी आता मोठी झालीय, पण दादा जरा मोठ्यानं बोलला तरी ती आपलं ताट उचलून मोरीच्या दारापाशी जाऊन बसते. सवयीनं. त्या दहा आठवड्यांत तिला कुणी काही विचारलं नाही, तिची वही नव्हती. मागच्या महिन्यात हे मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, घेऊन या तिला. शनिवारी मुक्कामाची ड्युटी होती, ती मी बदलून घेतलीय. दादा सोबत येतो म्हणाला, तर ती म्हणाली, नको, पप्पा आणि मी जातो. तो "बरं" म्हणाला आणि तिच्या सायकलला हवा भरायला लागला.